किल्ल्या कोणाकडे आहेत ते आधी पाहा

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. जिल्ह्यातील तीन लहान मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कमिट्यांबरोबर वर्षभर बसण्याचे काम तू स्वीकारले आहेस आणि पहिल्या भेटीपूर्वी मंडळीच्या वाढीचा आराखडा कसा तयार करावा, असे मला विचारले आहेस. आराखडा तयार करूच नकोस, एवढे लिहून हे पत्र संपवता आले असते. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी मला कोणी असे सांगितले असते तर मीही ते मानले नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी पहिल्यांदा अशा कामाला गेलो ते पंचगंगेपलीकडच्या एका गावी. चाळीसेक कुटुंबांची मंडळी, नऊ जणांची कमिटी आणि मनापासून राबणारे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. मी पाळकसाहेबांशी आठ दिवस आधी बोललो, त्यांच्याकडून अडचणी समजून घेतल्या आणि टंकलिखित आराखडा घेऊनच बैठकीला बसलो. कमिटीने तो शांतपणे ऐकला, सर्वांनी माना डोलावल्या, चहा झाला, मला एसटीपर्यंत सोडायला दोघे आले. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा ती फाईल कपाटात जशीच्या तशी होती आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते खजिनदार लग्नासाठी पुण्याला गेले होते. त्याच कारणाने तरुण संघाची प्रार्थना त्या संध्याकाळी व्हरांड्यात चालली होती, कारण सभागृहाची किल्लीही त्यांच्याच जुडग्यात होती. मी नऊ माणसांसमोर पाळकांचा माणूस म्हणून बसलो होतो, हे मला त्या व्हरांड्यात उभे असताना कळले. कमिटीने मला विरोध केला नव्हता, कारण विरोध करण्याइतके तिने मला आपले मानलेच नव्हते.

तेव्हापासून मी कोणत्याही मंडळीत गेलो की आधी किल्ल्या पाहतो. सभागृहाची किल्ली, अर्पणपेटीची, कपाटाची. त्याचबरोबर बँकेत कोणाच्या सह्या चालतात, बाप्तिस्म्याचे रजिस्टर कोणाच्या घरी असते, पेटी कोण वाजवतो आणि तो नसेल तर कोण वाजवतो. लहान मंडळीत ही सारी माहिती अर्ध्या तासात मिळते आणि तिच्यावरून मंडळी कोठे अडली आहे ते बहुतेक वेळा कळते. पाच किल्ल्या एकाच माणसाकडे असल्या म्हणजे तो माणूस वाईट असतो असे मुळीच समजू नकोस. बहुधा तोच सर्वांत निष्ठावान असतो. कोणी पुढे येत नव्हते त्या काळात त्याने भार उचललेला असतो आणि आता तो उतरवून घेणारा कोणी नाही म्हणून तो वाकून चालत असतो.

बायबलमधील निर्गमाच्या 18व्या अध्यायातील इथ्रो, मोशेचा सासरा, याला मी या कामाचा पहिला शिक्षक मानतो. (जावयाच्या कामात सासऱ्याने लक्ष घालून ते गोड झाल्याची उदाहरणे थोडीच, त्यांपैकी हे एक.) तो आला, कुशल विचारले, मोशेने सांगितलेले सारे ऐकले, सर्वांबरोबर जेवला, आणि दुसऱ्या दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत असताना तो पाहत राहिला. मग त्याने पहिल्यांदा प्रश्न विचारला: तू एकटाच का बसला आहेस? हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याची सूचना त्यानंतर आली, आणि तीही देवाची तशी आज्ञा असेल तर, या अटीसह. शेवटी तो आपल्या देशाला परत गेला. पाहणे, विचारणे, सुचवणे आणि निघून जाणे या चारांपैकी आपल्याला तिसरे फार आवडते आणि चौथे मुळीच जमत नाही.

आपल्या भागात सल्ला देण्याची घाई टाळायला आणखी एक कारण आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, पुढे मिशनच्या शाळा आणि दवाखाने उभे राहिले, डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले; या कामाचे ऋण आपल्या कितीतरी कुटुंबांवर आहे. पण त्याबरोबर साहेब ठरवतील आणि आपण पार पाडू, ही सवयही आपल्या आजोबांच्या पिढीत मुरली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन उत्तर भारत मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना झाली, परदेशी मिशनरी गेले, कारभार आपल्या हाती आला, तरी अनेक कमिट्यांत अजून कोणाच्या तरी पत्राची वाट पाहिली जाते. तू शहरातून जाणार, हातात वही असणार. तुलाही ते नव्या साहेबाच्या खुर्चीवर बसवतील. ती खुर्ची मऊ असते. म्हणून पहिल्या दोन भेटींत सल्ला मागितला तरी देऊ नकोस. त्यांना विचार की गेल्या वर्षी कमिटीने घेतलेला आणि शेवटास नेलेला एक निर्णय कोणता; पाळक सहा महिने अंथरुणाला खिळले तर रविवारी काय काय थांबेल; आणि मतभेद झाला तर तो बैठकीत बोलला जातो की बैठक संपल्यावर चपला घालताना. तिसऱ्या प्रश्नावर लोक हसतील. हसू ओसरले की थांब, घाईने पुढचा प्रश्न विचारू नकोस. त्या शांततेत कोणीतरी पहिले खरे वाक्य बोलेल.

तुझ्या तीन मंडळ्या एका प्रकारच्या नाहीत, हेही लक्षात ठेव. जेथे पाळकांची बदली होते तेथे कमिटी कायम असते आणि पाळक पाहुणा. नवे काही सुरू करावे तर हे साहेब दोन-तीन वर्षांनी जातील, मग कोण निभावणार, असे कमिटीतले वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी, मनात म्हणतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. याउलट स्वतंत्र मंडळीत पाळकानेच भाड्याच्या खोलीत काम उभे केलेले असते, विश्वस्तांत त्याची पत्नी, मेहुणा आणि एक जुना मित्र असतो, आणि बैठक म्हणजे त्याने ठरवलेले ऐकणे असते. पहिल्या ठिकाणी कमिटीला पाळकावर विश्वास टाकायला शिकावे लागते, दुसऱ्या ठिकाणी पाळकाला कमिटीवर. एकच कार्यशाळा दोन्हीकडे घेतलीस तर दोघांनाही ती दुसऱ्यासाठी आहे असे वाटेल.

त्यात भावकी येते. साखर कारखान्याच्या आणि दूध संस्थेच्या निवडणुका आपल्या रक्तात आहेत, त्यामुळे मंडळीच्या वार्षिक सभेतही पॅनेल पडतात आणि दोन घराण्यांचा जुना वाद उपासनेच्या वेळेच्या ठरावातून बोलू लागतो. तू त्यात न्याय करायला बसू नकोस. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी तक्रार दाबली नाही आणि स्वतः वाटपालाही बसले नाहीत. लोकांनाच सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे पाहा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कोठाराची किल्ली गेली, असे मी ते वाचतो. त्यानंतरच्या ओळीत शिष्यांची संख्या वाढल्याची नोंद आहे, हे तुझ्या तिन्ही कमिट्यांना तू न सांगता सापडू दे. तो भाग त्यांच्याबरोबर वाच आणि गप्प बस.

वाढीबद्दल तू बरेच आकडे पाठवले आहेस. रविवारची उपस्थिती मोजावी, मी तिच्या विरुद्ध नाही. पण संजीवन सभेनंतर, म्हणजे श्रद्धा जागवण्यासाठी घेतलेल्या खास सभेनंतर, वाढलेली गर्दी आणि शेजारच्या मंडळीतून रुसून आलेली चार कुटुंबे ही वाढ असेलच असे नाही, सूजही असू शकते. तू शेतकऱ्याच्या घरातला आहेस, तुला उसाच्या भाषेत सांगतो. नत्राच्या गोण्या ओतल्या की ऊस उंच आणि हिरवागार दिसतो, मग तो लोळतो आणि साखरेचा उतारा घटतो. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी आहे तेच पिकाची वाढ ठरवते, हा नियम लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केला. मी पाहिलेल्या कमिट्यांना जे जमते तेच त्या आणखी करतात: गायन चांगले असेल तर नवा कीबोर्ड, मग नवे स्पीकर. आजारी माणसाकडे महिनाभर कोणी फिरकले नाही, हे मात्र विषयपत्रिकेवर येत नाही. ते महिला मंडळाला पक्के माहीत असते, कारण घरभेटी त्याच करतात, आणि कमिटीतली एकुलती बाई बहुधा इतिवृत्त लिहीत असते. तिला बोलते कर. उपस्थितीबरोबर आणखी एक आकडा ठेवायचा असेल तर वर्षभरात किती जणांनी पहिल्यांदा एखादी जबाबदारी घेतली, तो ठेव.

कागदपत्रे कंटाळवाणी आहेत, तरी टाळू नकोस. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कित्येक ठिकाणी तो दिलेला नसतो, कागदावर दिवंगत माणसे विश्वस्त असतात, आणि मग जुनी कमिटी म्हणते की नवीन लोक घेऊन काय उपयोग, नोंद तर आमचीच आहे. येथे तू बैठकीत प्रश्न विचारत बसू नकोस, सरळ सांग की वकिलाकडे जा. अर्पण दोघांनी मिळून मोजावे आणि त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात, हेही सरळ सांग. पैशाच्या बाबतीत एकटा माणूस म्हणजे मोह तरी किंवा संशय तरी, आणि निर्दोष माणूस संशयाने जास्त खचतो.

बैठकीची वेळ त्यांना ठरवू दे. कागल किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे तरुण आणि ऊसतोडीत अडकलेले वडील एकाच संध्याकाळी मोकळे सापडत नाहीत. ज्या कमिटीत फक्त निवृत्त माणसे दिसतात तेथे तरुणांना आस्था नाही असा निष्कर्ष काढण्याआधी बैठक किती वाजता असते ते विचार.

किल्ली हाती देण्याचे काम सर्वांत सावकाश होते. माझ्या पाहण्यातल्या एका वृद्ध खजिनदारांनी वही एका नर्स मुलीकडे सोपवायला चौदा महिने घेतले. आधी ती शेजारी बसून पाहत असे, मग ती लिहीत असे आणि ते तपासत, मग ते फक्त सही करत. चौदा महिन्यांत मी त्या विषयावर तीनदाच बोललो आणि त्यातले एकदा बोलायला नको होते. वही दिल्यानंतरही ते दर रविवारी मोजणीच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसायचे. कोणी त्यांना उठवले नाही, हे त्या मंडळीचे शहाणपण.

तुझी पहिली भेट पुढच्या शनिवारी आहे. संध्याकाळची बैठक असली तरी सकाळीच जा, एखाद्या घरी जेव, दुसऱ्या दिवशीच्या उपासनेला मागच्या बाकावर बस. परत आल्यावर मला अहवाल पाठवू नकोस. किल्ल्यांची यादी तेवढी पाठव, आणि प्रत्येक किल्लीपुढे ती त्या माणसाकडे किती वर्षे आहे ते लिही.

तुझा,
प्रभूच्या सेवेतील एक निवृत्त वडील