चावी अजून तुमच्याच पर्समध्ये आहे, ताई

सांगलीवाडीत कृष्णेकाठच्या शांत वस्तीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट. भाडं ९,००० रुपये, अनामत ३०,०००. १ जूनपासून ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (परवान्याने राहण्याचा) करार, न नोंदवता नुसता नोटरी केलेला, त्यात ६ महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढे महिने जागा सोडायची नाही. जुलैअखेर पार्किंगमध्ये पुराचं पाणी आलं, चार दिवस वीज नव्हती. बाई मुलांना घेऊन मिरजेला माहेरी गेल्या, त्या परतल्याच नाहीत. मालक म्हणतो, ऑगस्ट ते नोव्हेंबरचे ३६,००० होतात. अनामत विसरा आणि वर ६,००० द्या. अनामत परत मिळेल का, असं बाई पत्रात विचारतात. दर पावसाळ्यानंतर अशी पत्रं येतातच.

ताई, तुमच्या तीन पानी पत्रात पुराला अडीच पानं आहेत. मला हवी होती ती गोष्ट शेवटच्या ओळीत सापडली: "कपाट न्यायला टेम्पो मिळाला नाही म्हणून चावी माझ्याकडेच आहे." सगळा निकाल या ओळीत आहे. चावी तुमच्याकडे, सामान आत, म्हणजे ताबा तुमचा. तुम्ही मिरजेत झोपता याला कायद्यात किंमत नाही. ऑगस्टवर थोडाफार वाद घालता येईल, पण सप्टेंबरचं भाडं कोणत्या तोंडाने नाकारणार? दोन महिन्यांचे १८,००० गेले असं धरा. उरले १२,०००. चावी ऑक्टोबरभर राहिली तर उरतील ३,०००. आणि एप्रिलअखेर मुदत संपल्यावरही ताबा तुमच्याकडेच राहिला, तर भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते.

पुरामुळे करार आपोआप रद्द होतो असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये पुराचा उल्लेख आहे खरा, पण जागा मोठ्या प्रमाणात आणि कायमची निरुपयोगी व्हावी लागते, आणि ती तरतूद भाडेपट्ट्याची आहे. लिव्ह अँड लायसन्सलाही तशीच 'कायमची' अट आहे. पार्किंगमधलं पाणी ओसरलं, मीटर सुरू झाले, तुमच्या फरशीला थेंब लागला नाही. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वर्षी या इमारतीत पाणी कुठवर चढलं होतं, हे जूनमध्ये सही करण्याआधी विचारायचं होतं. पूर आल्यास लॉक-इन लागू नाही, एवढी एक ओळ करारात घालून घ्यायची होती.

लॉक-इनचं काय? नोव्हेंबरपर्यंतचं भाडं मालकाला आपोआप मिळतं असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, आणि ऑक्टोबरात त्याने नवा भाडेकरू ठेवला तर त्याची बाजू बरीच लंगडी पडते. न्यायालयं यावर एका सुरात बोलत नाहीत, म्हणून खात्री देत नाही.

नोटरीबद्दल. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही एजंटांची आवडती थाप. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ खाली लिव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. लॉक-इनखाली तुमची सही आहे, त्यामुळे फार उड्या मारू नका. तडजोडीच्या टेबलावर मात्र हे कलम उपयोगी पडतं. तुमच्या करारासाठी मुद्रांक शुल्क तीनशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,००० रुपये लागली असती. एवढ्यासाठी दोघांनी हा घोळ घातला.

आता करायचं ते. मालकाला तारीख आणि वेळ देऊन ताबा घ्यायला बोलवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवाच, पण पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पत्र टाका. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. सामान काढल्यावर प्रत्येक खोलीचा, नळांचा, भिंतींचा व्हिडिओ काढा. मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या, महावितरणचं बिल भरून टाका. ताबा पावती दोन प्रतींत करा, त्यावर चाव्या किती ते लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मालक आला नाही, तर त्याच साक्षीदारांसमोर कुलूप लावून चावी त्याच्या पत्त्यावर पाठवा आणि पाकिटात काय आहे ते सोबतच्या पत्रात लिहा. पोलिसांची धमकी मेसेजमध्ये देऊ नका, तोच कागद तुमच्यावर उलटतो.

एवढ्या रकमेसाठी दिवाणी दावा लावलात तर तारखांना येण्याजाण्यातच रक्कम संपेल. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, घाई नाही. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज द्या, लोकअदालतीत विषय ठेवतात. तिथला निवाडा अंतिम, अपील नाही. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तुमचं पत्र २८ सप्टेंबरचं आहे. टेम्पो आजच ठरवा.