मोठा नाकतोडा दिसला, म्हणजे टोळधाड आली असे नव्हे

पावसाळा सरत आला, की बोटभर लांबीच्या नाकतोड्यांची छायाचित्रे येऊ लागतात आणि विचारणा बहुधा एकच असते : हे टोळ आहेत का? त्यांतील काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे मोठे नाकतोडे आहेत. मारावेत का?
उत्तर : नाही. हा रुईचा चीक पचवणारा रंगीत नाकतोडा आहे. लगतच्या पिकावर उतरला, तरच कृषी सहायकांना दाखवावा.

प्रश्न : पानासारखा हिरवा, अंगापेक्षा लांब मिशांचा कीटक टोळ असतो का?
उत्तर : नसतो. टोळाच्या मिशा आखूड असतात.

प्रश्न : कपाशीत चार-पाच मोठे तपकिरी नाकतोडे दिसले. औषध दुकानदार म्हणतात, ही टोळधाडीची सुरुवात आहे, आजच फवारा. काय करावे?
उत्तर : फवारू नये. मे 2020 मध्ये वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरले, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या नाकतोड्याला टोळ ठरवून औषध खपवण्याचा प्रकार वाढला आहे, आणि तो मला संतापजनक वाटतो. थव्यात एका चौरस किलोमीटरमध्ये चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. चार-पाच नाकतोडे म्हणजे धाड नव्हे. रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण थव्यातला कोवळा वाळवंटी टोळ गुलाबी असतो, अंडी घालण्याच्या वयात तोच पिवळा होतो आणि एकएकटा वाढलेला करडा-तपकिरी राहतो. कीटक अलगद उलटा धरून पुढच्या दोन पायांच्या मधोमध पाहावे. तेथे लहानशी खुंटी दिसते. वाळवंटी टोळात ती सरळ व बोथट, तर मुंबई टोळ या टोळाच्या दुसऱ्या जातीत मागे वाकलेली असते. मुंबई टोळाच्या पाठीवर मधोमध फिकट पट्टाही असतो. मात्र अशी खुंटी इतर काही मोठ्या नाकतोड्यांतही असल्याने केवळ तिच्यावरून निर्णय न घेता नमुना कृषी विज्ञान केंद्रातील कीटकतज्ज्ञांना दाखवावा, आणि औषध त्यांच्या सल्ल्यानेच निवडावे.

प्रश्न : छायाचित्रावरून ओळख पटेल का?
उत्तर : वरून, बाजूने आणि छातीखालून अशी तीन छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतल्यास पुष्कळदा पटते. खरोखरच थवा दिसला, तर मात्र छायाचित्रे इकडे पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये. टोळ दिवसा वाऱ्याबरोबर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकतात आणि रात्री झाडांवर बसतात. म्हणून थवा कोठे बसला आणि कोणत्या दिशेने आला, हे त्याच संध्याकाळी तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावे.