हेअर ट्रान्सप्लांटनंतर जिम आणि क्रिकेट कधी सुरू करावं?

एफयूई (मागचे केस मुळासकट एकेक काढून पुढे लावायची पद्धत) करून 9 दिवस झालेत, रविवारी टेनिस बॉलची मॅच आहे, खेळू का, असं विचारलंयत. नका खेळू. एवढा पैसा घालून बसलात आणि एक मॅच सोडवत नाही?

चिडून लिहितोय, कारण हाच शहाणपणा मी 24 व्या दिवशी केला होता.

2019 ची गोष्ट. माझं पट्टीवालं ऑपरेशन, एफयूटी. डोक्यामागची कातड्याची पट्टी काढून टाके घातलेले. 10 दिवसांत पुढच्या खपल्या पडल्या, 12 व्या दिवशी टाके निघाले. हातात दिलेल्या कागदावर होतं, 'जड व्यायाम काही आठवडे टाळा'. काही म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इकडे मंडळाच्या कबड्डीत चढाईला माणूस कमी. म्हटलं, लावलेले केस पुढे आहेत, डोक्याला कोण हात लावतोय? खरंच कुणी लावला नाही. पकड घोट्याला बसली. पण सुटायच्या नादात मान ताणून रेषेकडे झेपावलो आणि मागे काहीतरी चरचरलं. रक्त नाही, काही नाही. व्रण मात्र पुढच्या दोन-तीन महिन्यांत रुंद होत गेला, करंगळीच्या नखाएवढा. टाके निघाले म्हणजे जखम भरली असं नसतं, कातडीला ताकद यायला महिने लागतात. आता मागे बारीक मशीन मारता येत नाही. नवा न्हावी असला की हमखास विचारतो, पडला होता का लहानपणी?

त्यातच चौथ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. उशीवर, टॉवेलवर, सगळीकडे. दादाने आईसमोर जाहीर केलं, "सव्वा लाख मैदानात पुरून आला." दर दिवाळीला पाहुण्यांना अजून हेच ऐकवतो. अरे बाबा, लावलेले केस पहिल्या दोन महिन्यांत बहुतेकांचे गळतातच! मूळ आत राहतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे फुटतात, चित्र स्पष्ट व्हायला वर्ष जातं. मी घरात देवासमोर बसून राहिलो असतो तरी गळलेच असते. कबड्डीने माझा व्रण बिघडवला, केस नाही. आणि केस लावले तो माज नव्हता. पैसे माझे होते.

असो. तुमचं. सध्या चाला, तेही घाम फुटेपर्यंत नको. दोन आठवड्यांनी हलकी सायकल. वजनं, डिप्स, पोहणं, हेल्मेट घालून बॅटिंग, सगळं महिन्यानंतर. जोर लावताना श्वास कोंडला की डोक्यात रक्ताचा दाब चढतो, आणि ताज्या जखमांवर घाम-धूळ साचली की बारीक पुळ्या येतात. महिना झाल्यावरही ऊन टाळा, फील्डिंगला सैल टोपी.

तुमची एफयूई आहे, म्हणजे मागे टाके नाहीत, तेव्हा माझी निम्मी कथा तुम्हाला लागूच नाही. तरी डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्या, 'काही आठवडे' चालवून घेऊ नका. आणि महिन्याभराने केस गळायला लागले तर घरात मॅचचा विषय काढू नका.