कमी वजनाचा कोपरारक्षक

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, उजवा कोपरा खेळतो. वजन ५८ किलो. कॉलेजच्या कबड्डी निवडीत धिप्पाड मुलंच घेतात. काय करावं? – एक वाचक, लोअर परळ

उत्तर : त्याची घोटा पकड पक्की करून घ्या. बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) घेताना चढाईपटूचा मागचा पाय हवेत असावा लागतो, म्हणजे सगळा तोल एकाच पायावर. तीच वेळ. गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी घोट्याच्या वर धरून पाय उचलत आपल्याकडे ओढायचा. फक्त कमरेतून वाकलं की चढाईपटू मोकळ्या पायाने ढकलून सुटतो.

पकड खोलवरच करावी. पुरुषांच्या मॅटवर बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ मीटर आहे. तेवढं फरपटत नेईपर्यंत शेजारचा मध्यरक्षक पोहोचतो. म्हणून सराव त्याच्यासोबतच हवा. बोनस रेषेच्या अलीकडच्या ‘निदान रेषे’पाशी (बॉक लाइन) हलका मुलगा सहज ओढला जातो. मांडीची पकड तूर्त टाळा. धडक (चढाईपटूला ढकलून बाहेर काढणं) लॉबीच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या दिशेनेच, तीही साथ असेल तर.

चाचणीत सातही खेळाडू मैदानात असताना संधी मागा. सहापेक्षा कमी बचावपटू असले की बोनसच नसतो, मग त्याचं कौशल्य निवडकर्त्यांना दिसणार कसं? प्रो कबड्डीत यू मुंबा संघाकडून खेळतानाच्या कोपरारक्षक सुरेंदर नाडाच्या घोटा पकडी त्याला जरूर दाखवा.