वर्कशॉपमध्ये साठलेले धातूचे कटपीस कसे लावून ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग मशीन आहे, कापून उरलेल्या तुकड्यांनी दोन बादल्या आणि एक अख्खा कोपरा भरलाय, टाकून द्यायला मन होत नाही आणि वेळेला हवा तो तुकडा हाती लागत नाही. तर रॅक कसलं बनवू, असा तुमचा प्रश्न आहे.

रॅकचं नंतर बघू. मीही आधी रॅकच बनवलं होतं. अँगलचं, पाच कप्प्यांचं, रंगबिंग देऊन. काही महिन्यांत ते गच्च भरलं, आणि तरी दर कामाला मी नवा बार आणतच होतो. कारण कप्प्यातला २५ मिमीचा गोल तुकडा हातात घेतला की पहिला प्रश्न हाच पडायचा, की हे आहे काय? साधं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं मऊ पोलाद), ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद), का कुठल्या जुन्या यंत्राचा शाफ्ट? उत्तर ठाऊक नसलं की तुकडा परत कप्प्यात जायचा आणि नव्या बारवर करवत चालायची. त्यातून आणखी एक तुकडा उरायचा, तो वेगळाच.

एकदा मात्र कंटाळा केला आणि तसलाच एक निनावी तुकडा एका लिव्हरसाठी घेतला. त्याला पट्टी वेल्ड केली. वेल्ड दिसायला सुरेख. दुसऱ्या दिवशी बसवताना हलका ठोका मारला, तर वेल्डच्या कडेकडेने तडा गेला. तुकडा जास्त कार्बनच्या पोलादाचा होता. असं पोलाद आधी तापवून न घेता वेल्ड केलं, की वेल्डलगतचा भाग झपाट्याने गार होऊन कडक आणि ठिसूळ बनतो. याच्या अगदी उलट स्वभावाचं फ्री-कटिंग पोलाद असतं, लेथवर लोण्यासारखं कापलं जाणारं. कापताना निघणारी चिप, म्हणजे कीस, तुटून सुटी पडावी म्हणून त्यात मुद्दाम गंधक आणि कधीकधी शिसं घातलेलं असतं, त्यामुळे तेही वेल्डिंगला वाईटच. घासूनपुसून हे दोन्ही बार शेजारी ठेवा, डोळ्यांना फरक कळणार नाही.

तेव्हापासून माझा हिशेब सोपा आहे: ज्याचं नाव माहीत नाही तो तुकडा भंगार, मग तो कितीही देखणा असो. आणि नाव लिहायचं ते तुकडा उरल्यावर नाही, बार आणल्या दिवशीच. त्या दिवशी सगळं लख्ख आठवत असतं, महिन्याभराने काही म्हणता काही आठवत नाही.

लिहायचं कशाने? साध्या मार्करवर विसंबू नका. कटिंग ऑइल आणि कूलंट ते अक्षर दोन दिवसांत पुसून टाकतात. मी बारच्या एका टोकाला ऑइलपेंट लावतो आणि कायम दुसऱ्या टोकाकडून कापतो. म्हणजे शेवटी जो तुकडा उरतो तो रंग घेऊनच उरतो. ही सवय अंगवळणी पडायला मला वेळ लागला, मधल्या काळात दोन-तीन रंगीत टोकं मीच मोठ्या ऐटीत कापून टाकली. १० मिमीच्या आतल्या सळईला टोकापेक्षा अख्ख्या लांबीभर एक बारीक रेघ ओढलेली बरी, मग तुकडा कुठूनही कापा. जाड बारच्या तोंडावर पंचाने आकडा ठोकतो, ईएन-८ असेल तर ‘८’, ईएन-३१ असेल तर ‘३१’. पत्र्याच्या एका कोपऱ्यात धातू आणि जाडी लिहायची आणि कापायला समोरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. कुठला रंग कुठल्या धातूला हे तुम्हीच ठरवा, विक्रेत्यांचे रंग एकमेकांशी जुळतातच असं नाही. फक्त तो तक्ता त्याच डब्यातल्या रंगांनी भिंतीवर काढून ठेवा. वहीत लिहाल तर वही हरवेल.

आता तुमच्या त्या दोन बादल्या. त्यांत काय आहे ते शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, पण थोडी सावधगिरी लागते.

आधी चुंबक फिरवा. चिकटलं तर लोखंड-पोलादाचं कूळ, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम, पितळ, तांबं किंवा स्टेनलेस. स्टेनलेसच्या बाबतीत चुंबक फसवतं. ३०४ या प्रतीचं स्टेनलेस मूळचं चुंबकाला दाद देत नाही, पण थंड स्थितीत वाकवलं किंवा ओढलं की थोडं थोडं चिकटायला लागतं. ४३० ही प्रत तर सरळ चिकटते. म्हणून चिकटूनही गंजाचा मागमूस नसलेला चकचकीत तुकडा बाजूला ठेवा.

मग कानस. कोपऱ्यावर नवी कानस फिरवून बघा. चावली तर ठीक, काचेवरून घसरावी तशी घसरली तर तुकडा कडक केलेला आहे, तो करवतीला आणि ड्रिलला नेऊ नका.

त्यानंतर ठिणग्या. बेंच ग्राइंडरवर, मागे काहीतरी काळं धरून, प्रत्येक वेळी सारखाच दाब देऊन बघायच्या. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, फिकट पिवळ्या आणि फाटे मोजकेच. कार्बन वाढत जातो तसे फाटे वाढतात, आणि जास्त कार्बनच्या पोलादाला चाकापासूनच फुलबाजीसारखा भरगच्च फुलोरा येतो. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ठिणग्या आखूड, चाकाजवळ लालसर. हायस्पीड स्टीलच्या (ज्याचे ड्रिल आणि लेथची हत्यारं बनतात) मंद लाल, तुटक, फाटे जवळपास नाहीतच. नुसतं वर्णन वाचून हे जमत नाही. ज्यांची नावं पक्की माहीत आहेत असे चार-पाच तुकडे तारेत ओवून ग्राइंडरशेजारी टांगा आणि संशयिताला त्यांच्याशी ताडून बघा. ईएन-८ आणि ईएन-९ यांच्यातला फरक मला अजूनही ठिणग्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण वेल्ड करायचं का नाही, एवढं कळायला तेवढं पुरतं.

ॲल्युमिनियम आणि पितळ या चाकावर चुकूनही धरू नका. मऊ धातू चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक तापतं आणि फुटूही शकतं. शिवाय ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र साचले की ते मिश्रण ठिणगीने भयंकर तापून पेटू शकतं. ग्राइंडरच्या पोटात नेमकी अशीच भुकटी जमते आणि नेमक्या तिथेच ठिणग्या पडतात.

चुंबकाला न चिकटणाऱ्यांसाठी पाण्याचा प्रयोग करा. तुकडा दोऱ्याने काट्याला टांगून कोरडं वजन घ्या, मग पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा वजन घ्या, आणि कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. २.७ च्या आसपास आलं तर ॲल्युमिनियम, ८ च्या जवळपास स्टेनलेस, साडेआठच्या आसपास पितळ, ९ च्या जरा खाली तांबं. १.७ ते १.८ आलं तर हात थांबवा, ते मॅग्नेशियम असणार. दिसतं ॲल्युमिनियमसारखंच, पण त्याचा कीस पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट जास्त भडकतो. असले तुकडे मी ठेवतच नाही.

आणखी एक ढीग वेगळा काढा: मुलामा दिलेल्या तुकड्यांचा. गॅल्वनाइझ्ड पाइप वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर येतो आणि काही तासांनी थंडीताप भरल्यासारखं होतं. जुन्या नटबोल्टांवर सोनेरी झाक असते, ती कधी जस्ताची असते तर कधी कॅडमियमची. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना फारच घातक असतो. दोन्ही दिसायला सारखे, तेव्हा सोनेरी झाकीचं काहीही तापवायचं नाही, एवढं साधं धोरण ठेवा.

आता रॅक. रॅकची बांधणी तुमच्या जागेवर ठरेल, पण वजनाचा अंदाज आधी घ्या, कारण फसगत तिथेच होते. पोलादी गोल बारचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की दर मीटरचे किलो मिळतात, व्यास मिमीमध्ये घ्यायचा. २५ मिमीचा बार मीटरला ३.८६ किलो, ५० मिमीचा १५.४ किलो. पत्र्याचं वजन प्रत्येक मिमी जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो. ॲल्युमिनियम असेल तर साधारण एक तृतीयांश धरा. तुमची ती रंगाची २० लिटरची बादली बघा. तुकड्यांमध्ये अर्धी पोकळी सोडली तरी ती भरल्यावर ७८ किलोच्या घरात जाते. मग तळातला तुकडा काढायला ती उपडी करणार कोण? कोणीच नाही. म्हणून बादलीत गेलेला तुकडा गेल्यात जमा. त्याऐवजी ५ लिटरचे डबे घ्या. त्याच हिशेबाने भरलेला डबा २० किलोच्या आत राहतो, उचलून टेबलावर ओतता येतो आणि शोधून झालं की परत भरता येतो.

वर्गवारी मी आधी धातूने करतो, मग आकाराने, मग मापाने. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेनलेस आणि साधं लोखंड कधीही एका कप्प्यात नको. लोखंडाचे कण स्टेनलेसवर घासून रुततात आणि काही दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके उमटतात. मग आपण स्टेनलेसच खराब निघालं म्हणून बोटं मोडतो. वायर ब्रशही दोघांचे वेगळे.

गोल बारसाठी माझ्याकडे पीव्हीसी पाइपचे तुकडे एकावर एक रचून बांधलेले आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. पहिल्या खेपेला सगळे पाइप एकाच लांबीचे कापले ही चूक. आखूड तुकडे आत सरकून गडप होत आणि काढायला काठी लागे. आता पाइप तीन लांब्यांचे आहेत, २००, ४०० आणि ८०० मिमी, प्रत्येकाचं मागचं तोंड बंद, आणि तुकडा पुढे निदान बोटभर डोकावला पाहिजे. डोकावणारं टोक रंगाचं. समोर उभं राहिलं की अख्खा साठा एका नजरेत दिसतो, आणि माझ्या मते मांडणीची खरी कसोटी हीच. जड व्यास खालच्या ओळीत, आणि सांगाडा भिंतीला बोल्टने जखडलेला. हे सोडू नका, कारण असं रॅक पुढच्या बाजूला ओढलं जातं.

पत्रा उभा ठेवायचा, पुस्तकं लावतो तसा, मध्ये दर वीतभर अंतरावर दुभाजक. आडवा ठेवलात तर हवा असलेला पत्रा नेहमी सगळ्यात खाली असतो. मात्र ठेवण्याआधी प्रत्येक कड कानशीने मारून घ्या. बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धारदार कोर, न काढलेला पत्रा रॅकमध्ये घालणं म्हणजे पुढच्या वेळी स्वतःचंच बोट कापायची सोय. अँगल, चॅनेल, पट्टी यांना भिंतीतून पुढे आलेले आधार (ब्रॅकेट) पुरतात, त्यात फार डोकं लावू नका.

गंजाचं म्हणाल तर दोन गोष्टी पुष्कळ काम करतात. तुकडे थेट काँक्रीटच्या फरशीवर टेकवू नका, खाली लाकडी पट्ट्या द्या, आणि ब्राइट बारवर (गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागाच्या बारवर) तेलाचा फडका फिरवा. तिसरी गोष्ट मी नुकसान करून शिकलो. हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली त्याच खोलीत ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ झिरपते, आणि एका पावसाळ्यात लेथच्या बेडसकट सगळ्यावर तांबूस थर चढतो.

किती ठेवायचं? इथे मी निर्दय आहे. लेथच्या कामाला तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरून वर कामापुरता उरला पाहिजे. व्यासाच्या दुप्पट लांबी ही माझी लक्ष्मणरेषा, त्याहून आखूड एमएस सरळ भंगारात. पितळ आणि गनमेटलला (तांबं-कथलाच्या मिश्रधातूला) ही रेषा लागू नाही, त्यांच्या बोटभर तुकड्यातूनही बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारी नळी, निघतो. अँगल १०० मिमीच्या खाली ठेवत नाही. आणि नवा डबा आणायचा नाही: कप्पा भरला की नवा तुकडा आत जाताना जुना एक बाहेर पडलाच पाहिजे. बाहेर पडलेलेही धातूनुसार वेगळे ठेवा, भंगारवाला मिसळलेल्या ढिगाला त्यातल्या सगळ्यात स्वस्त धातूचा भाव लावतो.

दोन बादल्यांतून इतकं करूनही काही तुकड्यांची ओळख पटणार नाही. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच लाल डबा आहे. त्यातला तुकडा पॅकिंग म्हणून, चिकटवताना वर ठेवायचं वजन म्हणून किंवा वेल्डिंगचा करंट जुळवायला वापरायचा. मुलामा दिलेला यात टाकायचा नाही. हातोड्याने ठोकायचा ड्रिफ्ट, म्हणजे अडकलेली पिन बाहेर काढायचा दांडा, यातून कधीच बनवायचा नाही, कडक पोलाद असेल तर टवका उडून डोळ्यात जाईल. बादल्या उपसायला बसाल तेव्हा जाड हातमोजे घाला, पण ग्राइंडर किंवा लेथ सुरू करण्याआधी ते आठवणीने काढा.