आहार-शंका : हळद, चहा आणि शरीरातला दाह

प्रश्न : वय ५८, मधुमेहाची गोळी चालू आहे. तपासणीत एचएस-सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारी रक्तचाचणी) ४.२ आला. हिवाळ्यात खंडेराव मार्केटमधून ओली हळद आणि आंबेहळद आणून लिंबू-मीठ लावून रोज खातो. आता ओळखीचे लोक कर्क्युमिनच्या गोळ्या घ्या म्हणतात. त्यानं दाह उतरेल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी आकड्याचं बघू. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत म्हणजे हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण साधी सर्दी किंवा सुजलेल्या हिरड्यांनीही हा आकडा वर जातो, म्हणून दोन आठवड्यांनी बरं वाटत असताना पुन्हा तपासा. १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो.

हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, चहातली कॅटेचिनं ही सगळी पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतली नैसर्गिक संयुगं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ती टाकली की दाहाची रसायनं बनवायला लावणारी एनएफ-कप्पा-बी नावाची कळ मंदावते, हे खरं आहे. मात्र तिथे वापरलेली मात्रा आपल्या रक्तात जेवणातून क्वचितच पोचते. पॉलिफेनॉलचा बराचसा भाग न शोषला जाता मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू त्याचे लहान तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात जातात. डाळिंबाचं उदाहरण घ्या : त्यातल्या टॅनिनपासून जिवाणू युरोलिथिन बनवतात, पण हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकच फळ दोघांना सारखं लागू पडत नाही, ते यामुळे. आणि जिवाणू टिकायला चोथा लागतो. भाजी, डाळ, कोंड्यासकट धान्य नसेल, तर नुसत्या गोळीनं फारसं साधत नाही.

आता तुमची हळद. आंबेहळद ही वेगळी वनस्पती. तिला कैरीचा वास असतो, पण कर्क्युमिन अगदी नगण्य. चवीसाठी जरूर खा, दाहासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. केशरी ओल्या हळदीत बहुतांश पाणीच असतं. दहा ग्रॅम फोडी म्हणजे साधारण दोन ग्रॅम सुकी पूड. पुडीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के धरलं, तर अर्ध्या चमच्यात (दीड ग्रॅम पुडीत) जेमतेम ४५ मिलिग्रॅम. बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात मिऱ्यातल्या पिपेरिनमुळे रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढलं होतं. तिथे मात्रा होती २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनची. चिमूटभर हळदीला तोच आकडा लावणं चुकीचं. तरीही कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, म्हणून लिंबू-मिठाऐवजी फोडी तुपात दोन मिनिटं परतून मिरपूड घालून खाल्ल्या तर जास्त बऱ्या. फोडणीत पूड टाकली की लगेच भाजी घाला. जळलेली हळद कडवट होते.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो : डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. पिपेरिन घातलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पिपेरिन इतर औषधांचा यकृतातला निचराही मंदावतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर धोका वाढतो. मधुमेहात साखर आटोक्यात ठेवणं आणि पोटाचा घेर उतरवणं यानं सीआरपी जितका खाली येतो, तितका हळदीनं येईल ही आशा धरू नका. तुमची गोळी बंद करायचा तर विचारही नको.

प्रश्न : चहात पॉलिफेनॉल असतात म्हणून घरात जेवणाबरोबरही चहा होतो. मुलीचं हिमोग्लोबिन मात्र कमी आहे. ग्रीन टी द्यावा का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : जेवणाबरोबर कुठलाच चहा नको. चहातली पॉलिफेनॉल डाळ-पालेभाजीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषलं जात नाही. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा, ताटात लिंबाची फोड किंवा आवळा असू द्या. लोहाची गोळी चहाबरोबर तर कधीच नको.

दुधातली प्रथिनं कॅटेचिनांना बांधतात, पण त्यामुळे फायदा किती घटतो यावर अभ्यासांचं एकमत नाही. खरी अडचण साखरेची आहे. तीन कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. दिवसभराची मर्यादा इथेच संपते. ग्रीन टी प्यायला हरकत नाही, पण उकळू नका : ८० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं पुरे. त्याच्या अर्काच्या गोळ्या टाळा. दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजीपासून (ग्रीन टीमधलं मुख्य कॅटेचिन) पुढे यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले आहेत.

प्रश्न : महाग फळं परवडत नाहीत. पॉलिफेनॉल मिळायला रोजच्या जेवणात काय बदलू?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : महाग फळांची गरजच नाही. लाल कांदा सोलताना सालीखालचे मांसल थर काढून टाकू नका. क्वेर्सेटिन तिथेच दाट असतं. चिरलेला कांदा पाण्यात भिजत ठेवला की ते पाण्याबरोबर जातं. वांगं सालीसकट आणि ऐनवेळी चिरा. काळी पडणारी फोड म्हणजे तिच्यातलं क्लोरोजेनिक आम्ल (हेही एक पॉलिफेनॉल) हवेशी संयोग पावत असतं. पीठ चाळू नका. उन्हाळ्याच्या शेवटी जांभूळ खा.

जवस मात्र दळूनच घ्या, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर लसूण-तिखट घालून कुटा, डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यापुरतीच चटणी करा. जवसाचं तेल लवकर खवट होतं. रोज एक मोठा चमचा पुरे, सोबत पाणी भरपूर, नाहीतर पोट बांधतं.