तिन्ही विषय मिळतील, पण दुपार एकच असते

सोलापुरात बारावी सायन्सला आहेस, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे, वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डची, म्हणजे मागावर विणून उठवायची, डिझाइनं काढतात आणि तुला अमेरिकेत चित्रकला, खगोलशास्त्र, बायोकेमिस्ट्री हे तिन्ही शिकायचंय. 'असं कुठं असतंय का म्हणून घरचे हसतात,' असं तू लिहिलंयस. असतंय की. मी इथं बायोकेमिस्ट्री आणि स्टुडिओ आर्ट असा डबल मेजरच केला, म्हणजे दोन मुख्य विषयांत पदवी.

इथल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे कला आणि विज्ञान एकत्र शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजात, प्रवेश विषयाला मिळत नाही, कॉलेजला मिळतो. मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत सांगायचा. टर्मला चार, असे चार वर्षांत साधारण ३२ कोर्स होतात. त्यामुळं परवानगीचा प्रश्नच नाही. घोडं अडतं ते वेळापत्रकावर. केमिस्ट्रीचं लॅब दुपारी तीन-चार तासांचं असतं, आणि ड्रॉइंग-पेंटिंगचे वर्गही बहुतेक दुपारीच, तेवढेच लांब, आठवड्यातून दोनदा. एका टर्मला दोन लॅब घेतली की स्टुडिओला जागाच उरत नाही.

म्हणून आधी क्रम समजून घे. बायोकेमिस्ट्रीची वाट अशी: पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन भाग, मग तिसऱ्या वर्षी खरी बायोकेमिस्ट्री. छोट्या कॉलेजात यातले बरेच कोर्स वर्षातून एकदाच असतात. पहिल्याच टर्मला 'आधी जरा रुळते' म्हणून केमिस्ट्री सोडलीस, तर पुढची सगळी साखळी वर्षभर मागं जाते. खगोलशास्त्राचा मेजर म्हणजे खरं तर फिजिक्सच: मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, भरपूर गणित आणि पायथनमध्ये कोडिंग. बायोकेमिस्ट्री आणि खगोलशास्त्र दोन्हींचा मेजर कर असं मी तुला सांगणार नाही. पाया घालण्यातच पहिली दोन वर्षं जातील आणि कुंचला हातात घ्यायला तिसरं वर्ष उजाडेल.

माझं मत विचारशील तर बायोकेमिस्ट्री पहिला मेजर, स्टुडिओ आर्ट दुसरा, आणि खगोलशास्त्राचे दोन-तीन कोर्स. कॅल्क्युलसशिवायचा प्राथमिक कोर्सही असतो, पण तुझं गणित चांगलं आहे तर मेजरवाल्यांचाच घे. त्याचं लॅब रात्री असतं, दुपारच्या भांडणात ते नाही. फक्त ढग आले की ते पुढं ढकललं जातं, आणि हिवाळ्यात इथं ढग फार. आकाशही वेगळं दिसतं. सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजावर १७-१८ अंशांवर असतो, इथं मॅसॅच्युसेट्समध्ये ४२ वर. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आपल्याकडं रात्री व्याधाच्या खाली, दक्षिणेला अगस्त्याचा तारा चमकतो ना, तो इथं कधी उगवतच नाही.

स्टुडिओचा वर्ग मात्र ग्रेड परीक्षेसारखा नसतो. पहिल्या ड्रॉइंगच्या वर्गात आमच्यासमोर एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या. 'खुर्ची काढू नका, पायांमधली मोकळी जागा काढा,' एवढं सांगून बाई निघून गेल्या. तीन तास कोळशानं तेवढंच. शेवटी सगळ्यांचे कागद भिंतीवर लावायचे आणि प्रत्येकानं प्रत्येकाच्या चित्रावर बोलायचं. याला क्रिट म्हणतात. 'छान आहे' म्हटलेलं चालत नाही, डोळा आधी कुठं जातो आणि का, हे सांगावं लागतं. इंग्रजीत तेवढं बोलायची सवय आत्तापासून लाव.

पोर्टफोलिओत स्मरणचित्रं आणि घोटलेली संकल्पचित्रं कमी ठेव. समोर बसून काढलेलं पाठव: नव्या पेठेतली गर्दी, मागावर बसलेला माणूस. ग्राफच्या चौकोनांत धागा मोजून बसवलेलं जकार्डचं डिझाइन जरूर टाक, असं काम इथं फारसं कुणाकडून येत नाही. पण ते तू काढलेलं हवं, बाबांचं नव्हे.

कॉलेजं बघताना अॅमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होल्योक बघच. शेवटची दोन मुलींची आहेत. ही तिन्ही आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ जवळजवळ आहेत, एका कॉलेजात राहून दुसरीकडचा कोर्स घेता येतो, आणि खगोलशास्त्र तर ती मिळूनच शिकवतात. माउंट होल्योकची वेधशाळा १८८१ची आहे.

आता पैसे. अशा बऱ्याच खासगी कॉलेजांत वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या वर गेलाय. आकडा बघून बाबांना घाम फुटेल, पण तो सगळ्यांना भरावा लागत नाही. अॅमहर्स्ट आणि बोडिन परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना ऐपत बघत नाहीत, आणि घेतलं तर गरजेइतकी मदत देतात. अर्थात तिथं प्रवेश मिळणंच महाकठीण. बाकी बहुतेक कॉलेजांत मदत मागणं निवडीत मोजलं जातं. तरी अर्जाच्या वेळीच माग, कारण आत आल्यावर मागितलेली बहुधा मिळत नाही. कॅम्पसवरच्या नोकरीत टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. त्यात हातखर्च आणि रंग सुटतात, फी नाही.

शिकून झाल्यावर सध्याच्या नियमांनुसार एक वर्ष आपल्या विषयात काम करता येतं. बायोकेमिस्ट्री किंवा खगोलशास्त्र असेल आणि काम त्याच विषयातलं असेल, तर आणखी २४ महिने वाढवून मागता येतात. नुसत्या स्टुडिओ आर्टवर ती वाढ नाही. घरी पटवताना हा मुद्दा आधी काढ.

नेहमीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात. नववी-दहावीचे गुण शाळेकडून आणि अकरावी-बारावीचे ज्युनिअर कॉलेजकडून, असे दोन ठिकाणांहून गोळा करावे लागतील. शिफारसपत्रं सरांनी स्वतः ऑनलाइन भरायची असतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच सरांनी ते पोर्टल पाहिलेलंही नसतं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्याशेजारी बसून खातं उघडून दे.